अ‍ॅस्पिरिन आणि कर्करोग: खेळ सारा दोन कार्बनच्या तुकड्याचा

सप्टेंबर २०२५मध्ये स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंडमधल्या रुग्णालयांच्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ‘अ‍ॅस्पिरिनने कॅन्सरचा धोका निम्म्यावर’ असे मथळे सगळीकडे झळकले. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असा मथळा पोहोचला, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: हृदयाच्या डॉक्टरांनी शेजाऱ्याला दिलेली ती ७५ मिलिग्रॅमची गोळी आपणही सुरू करावी का? गोळी स्वस्त, मेडिकलवाला फारशी विचारपूस करत नाही आणि नाव लहानपणापासून कानावरचे.

त्या चाचणीत तपासले काय होते, ते आधी पाहू. निरोगी माणसे तिच्यात नव्हतीच. मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन गेलेल्या साडेतीन हजारांवर रुग्णांच्या गाठींची जनुकीय तपासणी झाली. सुमारे ३७ टक्के गाठींमध्ये पीआयके३सीए या जनुकात किंवा त्याच्याच साखळीतल्या जनुकांमध्ये बिघाड सापडला. त्यांतल्या ६२६ जणांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटून तीन वर्षे रोज १६० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन किंवा तशीच दिसणारी औषधविरहित गोळी दिली. नेमक्या ठरावीक जागी बिघडलेल्या पीआयके३सीएच्या गटात औषधाविना १४.१ टक्के रुग्णांचा आजार तीन वर्षांत उलटला, औषध घेणाऱ्यांत ७.७ टक्क्यांचा. म्हणजे साधारण सोळा रुग्णांनी तीन वर्षे गोळी घेतली, तर त्यांतल्या एकाचा आजार उलटणे टळते. कर्करोगाच्या उपचारांत हा फार चांगला आकडा आहे. पण तो त्या गटाचा आहे, फिरायला येणाऱ्या काकांचा नाही.

इतकी जुनी, साधी गोळी हे करते कसे? या प्रश्नाचे उत्तर इतके देखणे आहे की त्यासाठी थोडे थांबायला हवे.

आपल्या रक्तातल्या प्लेटलेट आता घरोघरी माहीत आहेत. डेंग्यूच्या हंगामात नाशिकमध्ये त्यांचे आकडे विचारले जात नाहीत असे घर विरळा. या पेशींना केंद्रक नसते. केंद्रक नाही म्हणजे नवे प्रथिन बनवायचा नकाशाच जवळ नाही. अस्थिमज्जेतून निघताना जी यंत्रसामग्री बरोबर मिळाली, तिच्यावर सात ते दहा दिवसांचे आयुष्य काढायचे. या सामग्रीत कॉक्स-१ नावाचे एक एन्झाइम असते. त्याच्या आत एक अरुंद बोगदा आहे. वीस कार्बनचे अ‍ॅराकिडॉनिक आम्ल त्या बोगद्यात शिरते, आत त्याचे रूपांतर होते आणि पुढे त्यापासून थ्रॉम्बॉक्सेन तयार होते. थ्रॉम्बॉक्सेन म्हणजे प्लेटलेटने आसपासच्या प्लेटलेटना मारलेली हाक: ‘इथे जखम आहे, गोळा व्हा.’ ही हाक अर्ध्या मिनिटात निम्म्याने विरते, म्हणून ती जवळच्या जवळच ऐकू जाते.

अ‍ॅस्पिरिनचे रासायनिक नाव अ‍ॅसिटिल सॅलिसिलिक आम्ल. त्यातला अ‍ॅसिटिल गट म्हणजे दोन कार्बनचा एक चिमुकला तुकडा. अ‍ॅस्पिरिनचा रेणू कॉक्स-१च्या बोगद्यात शिरतो आणि ५२९ क्रमांकाच्या सेरीन या अमिनो आम्लावर हा तुकडा कायमचा चिकटवून मोकळा होतो. बोगद्यात धोंडा पडला; अ‍ॅराकिडॉनिक आम्लाला आत जायला वाट नाही. इतर वेदनाशामके त्या बोगद्यात येऊन बसतात आणि काही तासांनी उठून जातात. अ‍ॅस्पिरिनचा धोंडा मात्र हलत नाही, आणि प्लेटलेटला नवे एन्झाइम बनवता येत नाही. ती मरेपर्यंत मुकी राहते.

म्हणूनच इतक्या कमी मात्रेत काम भागते. रक्तात अ‍ॅस्पिरिन पंधरा-वीस मिनिटांत निम्मे होते, तरी परिणाम आठवडाभर टिकतो. शिवाय आतड्यातून शोषलेले अ‍ॅस्पिरिन आधी पोर्टल व्हेन या शिरेतून यकृताकडे जाते आणि आतड्याच्या भिंतीत व यकृतात मिळून जवळपास निम्म्याचा अ‍ॅसिटिल गट तिथेच तुटतो. पण त्या वाटेवरून वाहणाऱ्या प्लेटलेट यकृताआधीच गाठल्या गेलेल्या असतात. बाकीच्या शरीराला कमी झळ आणि प्लेटलेटना पुरा मारा, अशी ही योजना आहे. अस्थिमज्जा रोज सुमारे दहा हजार कोटी ताज्या प्लेटलेट सोडते. रोज दहा टक्क्यांच्या आसपास माल बदलतो, म्हणून गोळी रोज घ्यावी लागते.

हे समजले की एक भाबडी समजूत आपोआप गळून पडते. विलो वृक्षाच्या सालीतून अ‍ॅस्पिरिन आले, हे सर्वांनी वाचलेले असते. विलोचाच एक भाऊ आपल्याकडे नदी-ओढ्यांच्या काठी वाढतो, तो वाळुंज. ‘मग सालीचा काढा म्हणजे नैसर्गिक अ‍ॅस्पिरिन, तेही दुष्परिणामांशिवाय’ असे सांगून काढे-चूर्णे खपवली जातात. विलोकुळातल्या सालीत असते ते सॅलिसिन. त्याचे शरीरात सॅलिसिलिक आम्ल होते. अ‍ॅसिटिल गट त्यात नाहीच. तो १८९७मध्ये फेलिक्स हॉफमन यांनी बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत जोडला. काढ्याने अंगदुखीला थोडा उतार पडेलही, पण प्लेटलेटच्या बोगद्यात धोंडा ठेवायला त्याच्याकडे धोंडाच नाही. जो कोणी हा काढा कर्करोगावर किंवा हृदयासाठी देतो, तो माणसाच्या जिवाशी खेळतो.

तोच तुकडा पावसाळ्यातही दगा देतो. दमट हवेत अ‍ॅस्पिरिन फुटून सॅलिसिलिक आम्ल आणि अ‍ॅसेटिक आम्ल होते. पट्टीतून काढून आठवड्याच्या डबीत भरलेल्या गोळ्यांना व्हिनेगरसारखा वास येऊ लागला, तर अ‍ॅसिटिल गट गोळीतून निसटला आहे असे समजावे आणि त्या टाकून द्याव्यात. गोळी घ्यायच्या वेळीच पट्टीतून काढावी.

आता कर्करोगाकडे. मूळ गाठीतून सुटून रक्तात आलेल्या बहुतेक कर्कपेशी मरतात. ज्या वाचतात, त्यांतल्या अनेकींभोवती प्लेटलेटचे कडे जमलेले असते आणि त्या कड्याआड त्या संरक्षक पेशींच्या नजरेतून सुटतात. मार्च २०२५मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये याहून नेमकी कडी दाखवली. थ्रॉम्बॉक्सेनची हाक प्लेटलेटपुरती राहत नाही, टी-पेशी या संरक्षक पेशीही ती ऐकतात. टी-पेशीच्या पृष्ठभागावरच्या, हाक पकडणाऱ्या प्रथिनाला (रिसेप्टरला) थ्रॉम्बॉक्सेन चिकटले, की आत एआरएचजीईएफ१ हे प्रथिन जागे होते, ते आरएचओए नावाच्या स्विचला चालू करते आणि टी-पेशीचा शत्रू ओळखून पेटून उठण्याचा संदेश दबतो. ज्या उंदरांच्या टी-पेशींत हे प्रथिन नव्हते, त्यांच्या फुप्फुसांत आणि यकृतात कर्करोग कमी पसरला. अ‍ॅस्पिरिन दिलेल्या उंदरांतही तेच दिसले. थ्रॉम्बॉक्सेन घटले आणि टी-पेशी मोकळ्या झाल्या. म्हणजे अ‍ॅस्पिरिन कर्कपेशीला मारत नाही. ती पहारेकऱ्याच्या तोंडावरचा हात काढते.

उंदरातले गणित माणसात जसेच्या तसे उतरत नाही, आणि इथेच मथळे फसवतात. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ निरोगी ज्येष्ठांवर अ‍ॅस्प्री ही चाचणी झाली. बहुतेकांचे वय सत्तरीपुढचे, मात्रा रोज १०० मिलिग्रॅम, काळ पावणेपाच वर्षांच्या आसपास. तिचा निकाल २०१८मध्ये आला: कर्करोगाने मृत्यू अ‍ॅस्पिरिन गटात ३.१ टक्के, दुसऱ्या गटात २.३ टक्के. कमी नव्हे, जास्त! स्तनाच्या कर्करोगाच्या तीन हजारांवर रुग्णांना उपचारांनंतर ३०० मिलिग्रॅम देऊन पाहिलेल्या अमेरिकी चाचणीतही फायदा दिसला नाही आणि ती मुदतीआधी थांबवावी लागली.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही कच्चा नाही. हृदयविकारासाठी केलेल्या जुन्या चाचण्यांतल्या लोकांचा ऑक्सफर्डच्या पीटर रॉथवेल यांनी पुढे वीस वर्षांपर्यंत माग काढला, तेव्हा मोठ्या आतड्याचा कर्करोग सुमारे पाव हिश्शाने आणि त्याने होणारे मृत्यू सुमारे तिसऱ्या हिश्शाने कमी दिसले. पण फायदा दिसायला बरीच वर्षे लागली. या दोन निकालांचा मेळ घातला की सत्तरीत नव्याने गोळी सुरू करण्यात अर्थ राहत नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवांच्या कार्यगटाने २०१६मध्ये पन्नाशीतल्या, हृदयविकाराचा धोका असलेल्या काही लोकांना आतड्याच्या कर्करोगासाठीही अ‍ॅस्पिरिन सुचवली होती. २०२२मध्ये त्यांनी कर्करोगाबाबतचा दावा मागे घेतला आणि साठीनंतर प्रतिबंधासाठी गोळी सुरू करू नये असे सांगितले.

आपल्याकडचा हिशेब तर आणखी वेगळा आहे. भारतात मोठ्या आतड्याचा कर्करोग वर्षाला लाखात पाच-सहा जणांना होतो. युरोप-अमेरिकेत हे प्रमाण कित्येक पट आहे. लाखभर माणसांनी गोळी घेतली आणि पाव हिस्सा आजार टळला असे धरले, तरी दहा वर्षांत टळतील तेरा ते पंधरा रुग्ण. पन्नाशीपुढच्यांचाच हिशेब केला तर आकडा तीन-चारपट धरा. आता दुसरे पारडे. हृदयविकार नसलेल्या एक लाख चौसष्ट हजार लोकांवरच्या तेरा चाचण्यांचा एकत्रित अभ्यास २०१९मध्ये आला. साधारण पाच वर्षांच्या वापरात दर २१० जणांमागे एकाला गंभीर रक्तस्राव जास्तीचा झाला. लाखात पावणेपाचशे. भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे. तंबाखूची पुडी खिशात ठेवून सकाळी अ‍ॅस्पिरिन घेणे म्हणजे घराला आग लावून दाराला तोरण बांधणे.

रक्तस्राव का होतो, तर जठराच्या अस्तरातही तोच कॉक्स-१ असतो. तिथे त्याच्यापासून बनणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने श्लेष्माचा थर आणि आम्ल मारणारे बायकार्बोनेट यांचा पुरवठा टिकवतात. बोगदा बुजला की थर विरळ होतो. ‘आतड्यात विरघळणारी गोळी आहे, पोटाला काही होत नाही’ हा गैरसमज आहे. आवरणाने गोळी जठरात विरघळत नाही, पण इजा रक्तातून पोहोचलेल्या औषधानेही होते. आवरणाने रक्तस्राव कमी झाल्याचे ठोस दिसलेले नाही. जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असेल, आधी अल्सर झालेला असेल, स्टेरॉइड, रक्त पातळ करणारी दुसरी औषधे किंवा दारू सोबत असेल, तर धोका आणखी वाढतो. डांबरासारखी काळी, चिकट शौच झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती तशी चिकट नसते आणि तिला तसा उग्र वासही नसतो.

आणखी एक घोटाळा बोगद्याच्या तोंडाशीच होतो. गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन, किंवा आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी आधी घेतली, तर आयबुप्रोफेन बोगद्यात जाऊन बसते. मागून आलेल्या अ‍ॅस्पिरिनला शिरता येत नाही, ती पंधरा-वीस मिनिटांत निम्मी होत संपत जाते, आणि आयबुप्रोफेन उठून जाते तेव्हा बोगदा पुन्हा मोकळा. आवरण नसलेली अ‍ॅस्पिरिन घेतल्यावर किमान अर्धा तास थांबून आयबुप्रोफेन घ्यावे, किंवा आयबुप्रोफेननंतर आठ तास जाऊ द्यावेत. आवरणाच्या गोळीसाठी वेळेचा असा नेमका नियम नाही, तेव्हा दुसरे वेदनाशामक डॉक्टरांना विचारावे. तापात डेंग्यूची शंका असेल तर स्वतःच्या मनाने अ‍ॅस्पिरिन अजिबात नको, आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना विषाणूजन्य तापात ती दिल्याने रेय सिंड्रोम हा यकृत-मेंदूचा जीवघेणा आजार होऊ शकतो. उलट ज्यांना स्टेंट बसवला आहे किंवा हार्ट अटॅक येऊन गेला आहे, त्यांनी दात काढायचा म्हणूनही गोळी परस्पर बंद करू नये; बंद केल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.

मग कर्करोगासाठी अ‍ॅस्पिरिनबद्दल विचारावे कोणी? एक गट लिंच सिंड्रोमच्या घरांचा. डीएनएच्या नकलेतल्या चुका दुरुस्त करणारे जनुक या घरांत पिढ्यान्‌पिढ्या बिघडलेले येते. नात्यातल्या तिघांना आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग, तो दोन पिढ्यांत, आणि त्यांतला एक तरी पन्नाशीच्या आत: एवढे जुळले तर जनुकीय सल्ला घ्यावा. ब्रिटिश जनुकतज्ज्ञ सर जॉन बर्न यांच्या कॅप-२ चाचणीत अशा ८६१ जणांना सरासरी दोन वर्षे रोज ६०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन किंवा औषधविरहित गोळी दिली. दहा वर्षांनी मोठ्या आतड्याचा कर्करोग अ‍ॅस्पिरिन गटात ९ टक्क्यांना, दुसऱ्या गटात १३ टक्क्यांना झालेला होता. गोळी घेतली तरी या लोकांची ठरल्या वेळची कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, चुकता कामा नये.

दुसरा गट आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांचा. गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवलेला ‘ब्लॉक’ पॅथॉलॉजी विभागात असतो. पीआयके३सीए त्यावरच तपासता येतो, त्यासाठी पुन्हा सुई टोचावी लागत नाही. नाशिकहून मुंबईला दुसरे मत घ्यायला जाताना लोक काचेच्या स्लाइड्स तेवढ्या नेतात आणि ब्लॉक मागेच राहतो. तोही पावती देऊन मागून घ्यावा आणि उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये, मेण वितळते. अहवालात बिघाड निघाला, तर तो कागद घेऊन कर्करोगतज्ज्ञांना अ‍ॅस्पिरिनबद्दल सरळ विचारावे. त्याआधी हिमोग्लोबिन आणि किडनीची रक्ततपासणी करून घ्यावी, आणि अल्सरचा इतिहास असेल तर पायलोरीचीही.