केलची पानं खुडण्याआधी एवढं वाचा

"रोप छान वाढत होतं, मग एकदम थांबलं." हंगाम सुरू झाला की आमच्या रोपवाटिकेत ही तक्रार घेऊन कोणी ना कोणी येतंच. आम्ही उलट एकच विचारतो, पानं कुठून खुडलीत? बहुतेकांनी वरून खुडलेली असतात, कारण वरची पानं कोवळी दिसतात.

केल हे कोबी आणि फ्लॉवरचं सख्खं भावंड, पण त्याला गड्डा धरत नाही. मधल्या शेंड्यातून नवी पानं निघत राहतात आणि जुनी खाली राहतात. शेंडाच खुडला तर पुढची पानं येणार कुठून? बगलेतून फुटवे येतात, पण त्यात बरेच दिवस जातात. म्हणून खुडायची ती सगळ्यांत खालची, तळहाताएवढी झालेली पानं. देठ खोडाजवळ धरून खाली दाबला की सुटतो, कात्री लागत नाही. एका वेळी एक तृतीयांशपेक्षा जास्त पानं काढू नका. शेंडा आणि त्याभोवतीची पाच-सहा पानं राहिलीच पाहिजेत.

शेंडा गेलेलं रोप आम्ही बदलून देत नाही. तुम्हीही ते उपटू नका. पाणी चालू ठेवा, फुटव्यांतले दोन जोमदार राखा.

"जरा मोठं रोप द्या ना" असंही ऐकतो. आम्ही चार-पाच पानांचंच देतो, ते मुद्दाम. ट्रेमध्ये जास्त दिवस राहिलेल्या रोपाची मुळं गुंडाळली जातात आणि लावल्यावर ते बसून राहतं. भर उन्हाळ्यात तर रोपं विकतच नाही. उन्हाच्या तडाख्यात पान चिवट आणि कडू होतं. थंडीत उलट गोडी येते, कारण गारठ्यात झाड स्टार्चची साखर करतं.

दोन रोपांत 45 सेंटीमीटर अंतर, कुंडी असेल तर निदान 30 सेंटीमीटर खोल, आणि रोज सहा तास ऊन. पानांमागे मावा दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. अळ्यांसाठी लावल्या दिवसापासून बारीक जाळी घाला. पतंग अंडी घालून गेल्यावर जाळी घातली तर अळ्या आतच राहतात! कोबी किंवा फ्लॉवर नुकताच निघालेल्या वाफ्यात केल नको, रोग मातीतून येतात.

घरची भाजी घरातच पिकवायची असेल तर माणशी तीन-चार झाडं धरा, पण सगळी एकदम लावू नका. निम्मी आत्ता, निम्मी तीन आठवड्यांनी. दुसऱ्या खेपेची रोपं आजच सांगून ठेवलीत तर बाजूला काढून ठेवतो. कुरळ्या पानांचं आणि लांब, गडद पानांचं लॅसिनाटो, दोन्ही आहेत. धुवायला लॅसिनाटो सोपं, कुरळ्याच्या चुण्यांत माती अडकते.

बी घरी धरायचं तर दुसऱ्या वर्षापर्यंत थांबावं लागतं, आणि एकच झाड फुलून सहसा भागत नाही, चार-पाच तरी हवीत. शेजारी कोबी किंवा ब्रोकोली फुलावर असेल तर संकर होतो आणि त्या बियांतून काय उगवेल ते सांगता येत नाही. ज्यांना एवढं थांबायचं नाही त्यांच्यासाठी आमच्याकडे बियांची पाकिटं असतात. कोरड्या, गार जागी ठेवलीत तर तीन-चार वर्षं चालतात.