पतित देवदूत आणि इच्छास्वातंत्र्य

देवाने चांगले घडवलेले, पण आपल्या इच्छेने त्याच्याविरुद्ध उठलेले आणि त्यामुळे स्थान गमावून बसलेले देवदूत म्हणजे पतित देवदूत. ख्रिस्ती श्रद्धेनुसार सैतान हा त्यांचा म्होरक्या. मराठी पवित्र शास्त्रात त्याला ‘दियाबल’ही म्हटले आहे. देव पूर्णपणे चांगला आणि निर्माताही तो एकटाच, तर वाईट आले कुठून, या पेचातून ही कल्पना वाढली. विदर्भातल्या खेड्यात संडे स्कूलच्या सतरंजीवर बसलेले एखादे पोर तोच पेच वऱ्हाडीत टाकते : “हव्वेले (पहिल्या बाईले) सापानं भुलवलं, मंग सैतानाले कोनं भुलवलं?” जाडजूड ग्रंथांचे गाडेही नेमके इथेच अडते.

बायबलमध्ये पतनाची सलग गोष्ट नाही, तुकडे आहेत. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात नुसता साप आहे. तो साप म्हणजे सैतान, हे कळते ते थेट प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात. तिथे प्रमुख देवदूत मीखाएल आणि त्याचे दूत अजगराशी लढतात. अजगराचे शेपूट आकाशातले एक तृतीयांश तारे खाली ओढते. एक तृतीयांश देवदूत पडले, हा प्रवचनांतला हिशेब त्यावरून आला. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात आणि यहूदाच्या पत्रात अंधारात डांबलेल्या दूतांचा ओझरता उल्लेख आहे. हनोखाच्या पुस्तकात, म्हणजे एका जुन्या यहुदी ग्रंथात, दोनशे दूत हर्मोन डोंगरावर उतरतात ते स्त्रियांच्या मोहाने, गर्वाने नव्हे. पण इथिओपिया आणि एरिट्रियातली ऑर्थोडॉक्स चर्चेस सोडली तर हे पुस्तक पवित्र शास्त्रात धरले जात नाही.

‘ल्युसिफर’ हे नाव तर भाषांतरातून जन्मले. यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या चौदाव्या अध्यायात बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजाची टर उडवली आहे : सगळ्यांच्या वर चढू पाहणारा पहाटेचा तारा कसा खाली आला! लॅटिन बायबलमध्ये या ताऱ्यासाठी ‘लुसिफेर’, म्हणजे प्रकाश आणणारा, हा साधा शब्द आला आणि पुढे तो सैतानाचे विशेषनाम होऊन बसला. गंमत अशी की पेत्राच्या दुसऱ्या पत्रात, अंतःकरणात उगवणाऱ्या पहाटेच्या ताऱ्यासाठी, त्याच लॅटिन बायबलात तोच शब्द आहे, आणि तिथला रोख ख्रिस्ताकडे आहे. यशयाची उपमा शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. रात्रीच्या लाइनवर हरभरा ओलणाऱ्याला शुक्र वर आला की उजाडायला आले हे कळते. सगळ्यांत तेजस्वी दिसणारी ती चांदणी सूर्य निघाल्यावर शोधूनही सापडत नाही.

सैतानाला कोणी भुलवले, याचे उत्तर ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनने (३५४–४३०) प्रश्नच उलटवून दिले. दुष्ट इच्छेचे कारण शोधणे म्हणजे अंधार डोळ्यांनी पाहू म्हणण्यासारखे. ती इच्छा कशाने घडवलेली गोष्ट नाही, उणीव आहे. इंग्लंडातल्या कँटरबरीचा पुढे आर्चबिशप झालेला अन्सेल्म (१०३३–११०९) याने सैतानाच्या पतनावर गुरुशिष्यांचा एक संवादच लिहिला. शिष्य खोदून खोदून विचारतो, त्याने तसे का इच्छिले? गुरूचे उत्तर एवढेच, की इच्छिले म्हणून इच्छिले. मराठीत आपण ‘त्याने आपल्या मनाने केले’ म्हणतो, तेच. याने समाधान होते असे नाही. पण मागे आणखी एक भुलवणारा उभा केला, तर त्याच्याबद्दलही तोच प्रश्न येणार. १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे रोममधल्या धर्मसभेने, हे सूत्र पक्के केले : सैतान आणि इतर दुरात्मे देवाने स्वभावतः चांगले निर्मिले, ते वाईट झाले ते स्वतःहून.

मग ते पश्चात्ताप का करत नाहीत? मध्ययुगातला धर्मपंडित थॉमस अक्वायनस (मृत्यू १२७४) म्हणतो, माणूस अडखळत, थोडे थोडे समजून घेतो, म्हणून त्याचे मन पालटू शकते. देवदूताला सारे एका दृष्टीत कळते, त्यामुळे त्याची निवडही एकदाच आणि कायमची. त्याच्या हजार वर्षे आधी ओरिगेन या ख्रिस्ती विचारवंताने शेवटी सारेच परत येतील अशी आशा बाळगली होती. सहाव्या शतकात तिला पाखंड ठरवले गेले.

इच्छा कितपत स्वतंत्र, यावर प्रॉटेस्टंटांत फाटे आहेत आणि विदर्भात दोन्ही पोचले. १८४५ साली नागपुरात आलेल्या मिशनरी स्टीफन हिस्लॉपचे स्कॉटिश फ्री चर्च सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन याच्या परंपरेतले : देवाच्या संकल्पाबाहेर काहीच नाही, तरी पापाचा कर्ता तो नव्हे. यवतमाळकडे काम करणारे फ्री मेथडिस्ट हे मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक वेस्ली याच्या वाटेचे. त्यांचा भर कृपा स्वीकारण्याच्या किंवा नाकारण्याच्या मोकळिकीवर. रविवारच्या उपासनेला बसणाऱ्याला हा फरक क्वचितच जाणवतो.

शेजारच्या समजुतींशी मात्र रोज गाठ पडते. रिद्धपूर ज्यांचे तीर्थ, त्या महानुभावांच्या मते जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर चारही अनादी. देवता कोणी निर्माण केलेल्याच नाहीत, त्यामुळे चांगल्याचे वाईट कसे झाले हा प्रश्न त्यांना या रूपात पडत नाही. पूर्व विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत, मारबतीच्या पुतळ्यासोबत, रोगराई गावाच्या शिवेबाहेर घालवतात. ख्रिस्ती शिकवणीत वाईटाला अशी शीव नाही. त्याचा उगम एका चांगल्या मनाच्या निवडीत आहे. घोटाळा होतो तो भुतांबाबत. शुभवर्तमानातले, म्हणजे येशूच्या चरित्रातले, ‘अशुद्ध आत्मे’ ऐकले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे विहिरीत जीव दिलेल्या बाईची हडळ येते. शिकवणीप्रमाणे मेलेल्या माणसाचा आत्मा आणि पतित देवदूत ही दोन वेगळी खाती आहेत. मेलेला माणूस सैतानाचा दूत होत नाही, की पुण्यवान मूल मरून देवदूतही होत नाही.