कारखान्यात हात अडकला: भरपाईसाठी मोफत वकील मिळतो, पण अर्ज कुठे अडतो?

गोव्यात वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत बोट गमावलेला कामगार वकिलाकडे जातच नाही, कारण फी कुठून आणायची? खरं तर 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार औद्योगिक कामगाराला सरकारी खर्चाने वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांनाही नाही. तरी 'आधी उत्पन्नाचा दाखला आणा' असं सांगून माणसांना मामलेदार कचेरीच्या फेऱ्या मारायला लावतात. याचा मला फार राग येतो. कलम 12 दाखवा आणि नकार लेखी मागा.

अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे साध्या कागदावर, मराठीतही चालतो. 15100 वर फोन करून चौकशी करता येते. आधार आणि अपघाताची हकीकत एवढं सुरुवातीला पुरतं.

त्याआधी पगारपत्रक बघा. ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विम्याचा हप्ता, कापला जात असेल तर मालकाविरुद्ध भरपाईचा दावा चालत नाही. लाभ ईएसआयकडूनच घ्यावे लागतात. चुकीच्या दारात वर्ष घालवून आलेली माणसं मी पाहिली आहेत.

भरपाईच्या दाव्याची मुदत 2 वर्षांची, आणि ती अपघाताच्या दिवसापासून मोजतात. बहुतेक जण उपचार संपल्यापासून मोजतात. 'बरा हो, मग बघू' हा मालकाचा शब्द मुदत थांबवत नाही. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबून राहू नका.

सर्वांत जास्त दावे अडतात ते डॉक्टरच्या कागदावर. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र शरीर किती निकामी झालं ते सांगतं; भरपाईसाठी कमावण्याची क्षमता किती टक्के गेली ते लागतं. दोन्ही आकडे एकच नसतात. अंगठा पूर्ण गेला तर भरपाईच्या कायद्याच्या अनुसूचीतच 30 टक्के ठरलेले आहेत, पण मनगट वाकत नाही किंवा पाठ दुखावली, तर डॉक्टरने कामाचं स्वरूप विचारून तसं लिहून द्यायला हवं. बांबोळीच्या गोमेकॉ रुग्णालयातून घरी जातानाच केसपेपर, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रती घ्या.

दुसरा अडसर नेमणूकपत्राचा. ठेकेदाराकडच्या बहुतेकांकडे ते नसतं. म्हणून घाबरू नका: बँकेत जमा झालेला पगार, गेटपास, हजेरीचा फोटो, सोबत्याची साक्ष चालते. ठेकेदार पळाला तरी मूळ कंपनीची जबाबदारी संपत नाही.

हिशेब माहीत असू द्या. वय 30, पगार 15,000, अंगठा गेला: पगाराचे 60 टक्के म्हणजे 9,000, गुणिले कायद्यात वयानुसार ठरलेला गुणांक 207.98, त्याचे 30 टक्के. जवळजवळ 5 लाख 61 हजार. हे ठाऊक नसल्याने स्टॅम्पपेपरवर पन्नास हजारांत सह्या झालेल्या आहेत. हक्क सोडल्याचा असा करार कायद्यात टिकत नाही. सही केली असली तरी वकिलाला तो कागद दाखवा, लपवू नका.

सावंतवाडी, बांदा, दोडामार्गहून कामाला येणाऱ्यांसाठी: दावा अपघाताच्या ठिकाणीच करावा लागतो असं नाही, स्वतः राहता त्या भागातही करता येतो. हात बरा होईपर्यंत रोज गोव्यात ये-जा करायची गरज नाही.