बूटस्ट्रॅप आणि चार्ज पंप: एक घागर, एक रहाट

२४ व्होल्टची मोटर चालवणारे दोन बोर्ड, एकावर बूटस्ट्रॅप, दुसऱ्यावर चार्ज पंप. मोटर फिरत असताना दोन्हीकडे वरच्या मॉसफेटच्या (मोटरला २४ व्होल्टशी जोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या) ड्रायव्हरला, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या चिपला, ग्राउंडपासून सुमारे ३५ व्होल्ट मिळतात. म्हणून ‘दोन्ही एकच’ असं विद्यार्थी सर्रास म्हणतात. मग ड्यूटी (वरचा मॉसफेट चालू असण्याचा वाटा) १००% केली की बूटस्ट्रॅपवाली मोटर थोड्याच वेळात थांबते, दुसरी फिरत राहते.

गरज दोघांची सारखीच. वरचा एन-चॅनेल मॉसफेट चालू झाला की त्याचा सोर्स (मोटरकडचं टोक) २४ व्होल्टला जाऊन बसतो; गेट (त्याला चालू-बंद करणारं टोक) त्याच्याही १०-१२ व्होल्ट वर लागतं.

बूटस्ट्रॅपमध्ये खालचा, ग्राउंडकडचा मॉसफेट चालू असताना दोन मॉसफेटांमधला, मोटरला जोडलेला बिंदू ग्राउंडला येतो आणि १२ व्होल्टच्या पुरवठ्यातून डायोडवाटे कपॅसिटर भरतो. बिंदू वर गेला की भरल्या घागरीसारखा कपॅसिटरही वर जातो, आणि डायोड चार्जला मागे फिरू देत नाही. (इथे १एन४००७ नको, तो बंद व्हायला फार वेळ घेतो, यूएफ४००७ लावा.) घागर पुन्हा भरायची तर खाली उतरावंच लागतं.

हिशेब करून बघा. आयआरएफ५४०एनचा गेट चार्ज जास्तीत जास्त ७१ नॅनोकूलॉम. कपॅसिटर १०० नॅनोफॅरडचा असेल तर मॉसफेट चालू होतानाच ०.७ व्होल्ट खर्च होतात; डायोडमुळे १२चे ११.३ झालेले असतात, त्यांचे १०.६ उरतात. आयआर२११० ड्रायव्हर त्याच घागरीतून साधारण १२५ मायक्रोअँपिअर पितो, म्हणजे मिलिसेकंदाला सव्वा व्होल्ट. ८.२ व्होल्टच्या आसपास तो वरचा मॉसफेट बंद करतो. जेमतेम दोन मिलिसेकंद! कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचा केला तरी पाव सेकंदच मिळतो.

चार्ज पंपाचा ऑसिलेटर (सतत वर-खाली होणारा सिग्नल देणारा भाग) स्वतःचा असतो. मधला बिंदू कुठेही असो, तो रहाटासारखा थोडा थोडा चार्ज वर ओतत राहतो. पण ड्रायव्हरच्या आतल्या पंपाची धार बारीक, मायक्रोअँपिअरची. २० किलोहर्ट्झला नुसतं गेटच १.४ मिलिअँपिअर मागतं. म्हणून एचआयपी४०८१ए या ड्रायव्हर चिपमध्ये दोन्ही आहेत: स्विचिंगला बूटस्ट्रॅप, धरून ठेवायला चार्ज पंप. मला ही रचना फार आवडते.

नुसता बूटस्ट्रॅप असेल तर ड्यूटी ९५%वर अडवा; २० किलोहर्ट्झला डेड टाइम (दोन्ही मॉसफेट बंद असण्याचा वेळ) धरून घागर भरायला २.५ मायक्रोसेकंद हाती राहतात. आणि तपासताना मीटर ग्राउंडला नव्हे, थेट कपॅसिटरच्या दोन टोकांना लावा.