लांब इंजिन क्रॉसिंगवर अडते? आधी रूळ तपासा

मॉडेल रेल्वेत साध्या रुळांवर सुरळीत धावणारे लांब इंजिन दोन मार्ग छेदतात त्या क्रॉसिंगवर नेमके अडते, अशी तक्रार आमच्याकडे वारंवार येते. बहुतेक वेळा दोष इंजिनात नसतो, म्हणून ते खोलायची घाई करू नका.

सर्वांत आधी सपाटी बघा. पाच जोड्या चाके एकाच ताठ चौकटीत असली आणि रूळ मध्ये जरासा उचललेला असला, की टोकाची चाके अधांतरी होतात. मग चाकाची कड खाचेबाहेर येते आणि वीजही तुटते. शंटिंगचे (डबे हलवण्याचे) छोटे इंजिन त्याच उंचवट्यावरून सहज निघून जाते, त्यामुळे दोष कळत नाही. धातूची सरळ पट्टी रुळांवर लांबीच्या दिशेने, कडेवर उभी धरा आणि मागून उजेड पाडा, फट लगेच दिसेल. खोलगट जागी खाली कागदाची पट्टी सरकवा. खिळा मात्र ठोकून घट्ट बसवू नका. स्लीपर (रुळांखालची आडवी पट्टी) वाकतो आणि गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, आवळले जाते.

वळण संपताक्षणी क्रॉसिंग नको. दोन्ही बाजूंना निदान इंजिनाच्या लांबीइतका सरळ रूळ हवा. जागा असेल तर १५ अंशांऐवजी ३० अंशांचे क्रॉसिंग घ्या. कोन जितका लहान, तितके चाक मधल्या फटीत जास्त वेळ आधाराविना राहते.

एचओ (१:८७) मापात रुळांचे गेज १६.५ मिमी, तर जोडीतल्या चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर साधारण १४.४ मिमी असते. ते कमी असेल तर चाके आतल्या रक्षक रुळांवर (चाकांना वाटेवर ठेवणाऱ्या रुळांवर) चढतात, जास्त असेल तर फ्रॉगच्या (रूळ एकमेकांना छेदतात तिथल्या टोकदार भागाच्या) टोकाला धडकतात.

आता वीज. डीसीसीवर (रुळांतूनच डिजिटल आज्ञा देऊन प्रत्येक इंजिन वेगळे चालवण्याच्या पद्धतीत) फक्त हेच इंजिन थांबले, तर त्याला वीज मिळत नाही. चाके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. काही जुन्या मॉडेलांत एका रुळाची वीज इंजिन घेते आणि दुसऱ्याची टेंडर (इंजिनामागचा कोळशा-पाण्याचा डबा). तिथे लांबीचा, म्हणजे जास्त चाकांतून वीज घेण्याचा, फायदा मिळत नाही, जादा चाकांना पिकअप (चाकातून वीज घेणाऱ्या पट्ट्या) बसवावे लागतात. सगळ्याच गाड्या एकदम थांबल्या तर शॉर्ट सर्किट समजा. फ्रॉगजवळ रुंद चाक दोन रुळांना एकदम टेकत असेल. तिथे पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर देऊन पाहा. शॉर्ट थांबला तर जागा सापडली. धातूच्या फ्रॉगला मात्र वीज थेट जोडू नका. मार्ग बदलला की त्याची ध्रुवताही बदलावी लागते, त्यासाठी रिले (विजेवर चालणारा स्विच) किंवा स्वयंचलित मॉड्यूल लागते.

एवढे करूनही अडले, तर इंजिनासोबत ते क्रॉसिंगही आमच्याकडे पाठवा आणि कोणत्या मार्गावर, कोणत्या दिशेने जाताना अडते ते लिहून द्या.