संशोधनाला एथिक्स कमिटीची मंजुरी: कोणाला लागते, काय जोडायचे आणि अर्ज कुठे अडतो

एमडी-एमएसचा प्रबंध असो, समाजकार्यातली पीएचडी असो की आश्रमशाळेतल्या मुलांच्या आहाराचे सर्वेक्षण. माणसांकडून माहिती, रक्ताचा नमुना किंवा मुलाखत घ्यायची असेल तर पहिल्या माणसाला भेटण्याआधी एथिक्स कमिटीचे, म्हणजे सहभागींना अपाय किंवा अन्याय होणार नाही ना हे तपासणाऱ्या समितीचे, मंजुरीपत्र हातात हवे. ‘डेटा घेऊन ठेवू, मंजुरी मागाहून काढू’ हा मार्ग बंद आहे. झालेल्या कामाला मागच्या तारखेने मंजुरी देता येत नाही. ते पत्र नसेल तर जर्नल लेख परत पाठवते आणि प्रबंधही अडकतो.

या प्रक्रियेचा पाया म्हणजे आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद) २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे. आरोग्याशी संबंधित सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनही त्यांत येते. त्यामुळे ‘आम्ही सुई टोचत नाही, फक्त प्रश्न विचारतो’ एवढे म्हणून सुटका होत नाही. दुसरा आधार २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांचा. त्यांनुसार औषधांच्या चाचण्या पाहणारी कमिटी सीडीएससीओकडे, म्हणजे केंद्राच्या औषध नियामक संस्थेकडे, नोंदवावी लागते, तर इतर आरोग्य संशोधन पाहणारी कमिटी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे. आपल्या संस्थेची कमिटी कशासाठी नोंदलेली आहे आणि नोंदणी चालू आहे का, हे अर्ज लिहायला घेण्याआधीच सदस्य सचिवांच्या कार्यालयात विचारून घ्यावे.

प्राणी आणि वनस्पतींवर काम करणाऱ्यांचा दरवाजा वेगळा. प्रयोगशाळेतल्या उंदरांसाठी संस्थेची प्राणी नैतिकता समिती असते आणि तिला ‘फॉर्म बी’ द्यावा लागतो. संरक्षित वन्यजीव पकडून अभ्यास करायचा असेल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. महाराष्ट्रात तो अर्ज नागपूरला जातो. इथून पुढचे सारे माणसांवरच्या संशोधनाबद्दल.

अर्ज कोणत्या रांगेत जाईल

तपासणीचे तीन प्रकार आहेत. पहिला, सूट. सर्वांसाठी खुली असलेली आकडेवारी, प्रकाशित लेखांचा पद्धतशीर आढावा किंवा कोणाचीही ओळख न नोंदवता केलेले सार्वजनिक ठिकाणचे निरीक्षण यात बसते. दुसरा, जलद तपासणी. ओळख काढून टाकलेले जुने केसपेपर, उरलेले निनावी नमुने, मंजूर अभ्यासातले किरकोळ बदल अशी कमी जोखमीची कामे एक-दोन सदस्य पाहतात. तिसरा, पूर्ण बैठक. मुले, गरोदर स्त्रिया, मनोरुग्ण, कैदी, आदिवासी समूह अशा असुरक्षित गटांचा सहभाग असेल किंवा जोखीम किमानपेक्षा जास्त असेल तर अर्ज साधारणपणे पूर्ण बैठकीपुढेच जातो.

सूट मिळाली की नाही हे संशोधक ठरवत नाही, कमिटी ठरवते. म्हणून ‘माझ्या अभ्यासाला मंजुरीची गरज नाही’ असे स्वतः लिहून मोकळे होऊ नये. सूट हवी असली तरी अर्ज करावा आणि तसे पत्र घ्यावे. प्रकाशनाच्या वेळी तेच दाखवावे लागते.

संस्थेत कमिटीच नसेल, जसे लहान महाविद्यालय किंवा स्वयंसेवी संस्था, तर दुसऱ्या संस्थेच्या नोंदणीकृत कमिटीशी लेखी करार करून तिच्याकडे अर्ज करता येतो. औषधांच्या चाचणीला मात्र ती कमिटी त्याच शहरातली किंवा चाचणीच्या जागेपासून ५० किलोमीटरच्या आतली असावी लागते.

कागद

आयसीएमआरने २०१९ मध्ये सर्व कमिट्यांसाठी समान अर्जनमुने काढले. बऱ्याच संस्था तेच वापरतात, काहींचे स्वतःचे असतात. सोबत साधारण हे जोडावे लागते: संशोधन आराखडा आणि त्याचा सोप्या भाषेतला सारांश, सहभागींसाठीचे माहितीपत्रक व संमतीपत्र, इंग्रजीत आणि स्थानिक भाषांत, प्रश्नावली किंवा मुलाखतीचे मुद्दे, संशोधकांचे सहीसह सीव्ही, ‘गुड क्लिनिकल प्रॅक्टिस’ किंवा संशोधन नैतिकतेच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, विभागप्रमुखांचे पत्र, वैज्ञानिक समितीची मंजुरी, खर्चाचा तपशील आणि निधीचा स्रोत, हितसंबंधांचे जाहीरपत्र, जिथे काम होणार तिथली परवानगी. परदेशी संस्था भागीदार असेल किंवा परदेशी निधी असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी वेगळी घ्यावी लागते आणि तिला वेळ लागतो.

मुख्य संशोधक म्हणून विद्यार्थ्याचे नाव घालायचे की मार्गदर्शकाचे, याबाबत प्रत्येक संस्थेची रीत वेगळी असते. ते आधी विचारावे, नाहीतर सगळ्या सह्या पुन्हा घ्याव्या लागतात.

आराखड्यात सर्वाधिक विचारणा नमुनासंख्येवर, म्हणजे किती माणसांवर अभ्यास करणार यावर, होते. उदाहरणार्थ, एखाद्या गोष्टीचे प्रमाण ५० टक्के धरले, चुकीची मर्यादा ५ टक्के आणि विश्वासपातळी ९५ टक्के ठेवली, तर सूत्राने ३८४.१६, म्हणजे ३८५ माणसे येतात. १० टक्के लोक नकार देतील असे धरले तर ३८५ ला ०.९ ने भागून ४२८. हा हिशेब जसाच्या तसा लिहावा आणि ५० टक्के कुठून आले तेही सांगावे. ‘सोयीनुसार १०० रुग्ण’ असे लिहिले की प्रश्न आलाच. लागतील त्यापेक्षा जास्त माणसांना विनाकारण त्रास देणे हा जसा नैतिकतेचा मुद्दा, तसाच इतक्या कमी माणसांवर काम करणे की निष्कर्षच निघू नये, हाही.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे एकच आकडा तीन ठिकाणी तीन प्रकारे. आराखड्यात ५ मिली रक्त, माहितीपत्रकात ३ मिली आणि अर्जात ‘रक्त नाही’. मसुदे बदलत जातात आणि जुना आकडा कुठेतरी तसाच राहतो. अर्ज देण्याआधी वयोगट, नमुनासंख्या, कालावधी, भेटींची संख्या आणि रक्ताचे प्रमाण या पाच गोष्टी सर्व कागदांवर एकदा बोट ठेवून जुळवून पाहाव्यात. प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख टाकावी.

संमतीपत्र: सर्वाधिक वेळ इथे द्या

कमिटीत सात ते पंधरा सदस्य असतात आणि निम्मे तरी बाहेरचे. डॉक्टरांबरोबर वकील, समाजशास्त्रज्ञ आणि सामान्य नागरिकही बसतात. या सामान्य नागरिकाला आराखड्यातली संख्याशास्त्राची पाने कळायची नाहीत, पण मराठी माहितीपत्रक तो ओळ न् ओळ वाचतो. अर्ज परत येण्याचे मोठे कारण तिथेच सापडते.

असे वाक्य पाहा: ‘आपणांस यादृच्छिक पद्धतीने हस्तक्षेप अथवा नियंत्रण गटात समाविष्ट करण्यात येईल.’ वॉर्डात बसलेल्या बाईंना यातून काहीही कळत नाही. त्याऐवजी: ‘अर्ध्या लोकांना नवीन गोळी मिळेल, अर्ध्यांना नेहमीची. कोणाला कोणती, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरेल. डॉक्टर किंवा तुम्ही निवडू शकणार नाही.’ किंवा ‘५ मिली शिरेतील रक्त संकलित केले जाईल’ऐवजी ‘हातातून चहाच्या एका चमच्याएवढे रक्त एकदाच घेऊ. सुई टोचताना दुखेल, क्वचित तिथे काळेनिळे होईल.’ इंग्रजी मजकूर मशीनमधून काढून चिकटवला की तो पहिल्या परिच्छेदातच ओळखू येतो.

माहितीपत्रकात हे आलेच पाहिजे: हे संशोधन आहे, नेहमीचा उपचार नव्हे, किती वेळ जाईल, त्रास काय होऊ शकतो, थेट फायदा नसेल तर तसे स्पष्ट, नाही म्हटले किंवा मध्येच बाहेर पडले तरी उपचार तसेच चालू राहतील, माहिती कोण पाहील, संशोधनामुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईचे काय, आणि दोन फोन नंबर, एक संशोधकाचा, एक कमिटीचा. मुलाखतीचे रेकॉर्डिंग किंवा फोटो, आणि उरलेला नमुना पुढच्या संशोधनासाठी ठेवणे, यांसाठी वेगळी सही घ्यावी.

वाचता न येणाऱ्या व्यक्तीसाठी तटस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवून अंगठा घ्यावा. संशोधक चमूतली परिचारिका तटस्थ साक्षीदार होत नाही. संमतीची एक प्रत सहभागीला द्यायची असते. ऑनलाइन फॉर्म असेल तर पहिल्या पानावर माहिती आणि संमतीची खूण हवी. सर्वेक्षण निनावी म्हटले असेल तर फॉर्ममधले ईमेल गोळा करण्याचे सेटिंग बंद आहे का, ते तपासावे. ते चालू राहिले तर सर्वेक्षण निनावी नव्हतेच.

भाषा काम जिथे होणार तिथली. मुंबईच्या रुग्णालयात मराठीसोबत हिंदी बहुधा लागतेच, गोव्यात कोकणी आणि मराठी दोन्ही. कमिटी मागेल तर भाषांतराचे पुन्हा मूळ भाषेत केलेले उलट भाषांतर आणि भाषांतरकाराचे प्रमाणपत्रही जोडावे लागते.

१८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती आणि मुलाचा होकार असे दोन्ही लागतात. सात वर्षांपासून बाराच्या आतल्यांचा तोंडी होकार, बारापासून अठराच्या आतल्यांचा सोप्या शब्दांतला लेखी. मुख्याध्यापकांची परवानगी म्हणजे मुलांची संमती नव्हे, तसेच सरपंचांनी हो म्हटले म्हणजे गावाने हो म्हटले असेही नव्हे. ती परवानगी फक्त दारापर्यंत नेते.

जागेची परवानगी

जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी शिक्षणाधिकारी, आश्रमशाळेसाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे प्रकल्प अधिकारी, अंगणवाडीसाठी बालविकास प्रकल्प अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा रुग्णालयासाठी जिल्हा शल्यचिकित्सक. कार्यालय म्हणते आधी कमिटीचे पत्र आणा, कमिटी म्हणते आधी कार्यालयाचे. हा पेच नेहमीचा. बहुतेक कमिट्या अर्जाची पोचपावती किंवा तत्त्वतः परवानगी चालवून घेतात आणि अंतिम पत्र येईपर्यंत त्या जागी काम सुरू न करण्याची अट घालतात.

संवेदनशील प्रश्न आणि पैसा

नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याला कोणी ‘हो’ म्हटले तर त्याच दिवशी काय करणार, हे आराखड्यात नसेल तर अर्ज परत येईल. कोणत्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणार त्यांचे तयारी असल्याचे पत्र जोडावे आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक माहितीपत्रकात द्यावा. मुलांना अत्याचाराविषयी विचारणार असाल तर ‘सर्व माहिती गुप्त राहील’ असे सरसकट आश्वासन देऊ नका. पोक्सो कायद्याने अशी माहिती कळवणे बंधनकारक आहे, ही मर्यादा आधीच सांगावी लागते. प्रमाणित प्रश्नावल्यांपैकी काही मोफत आहेत, काहींना परवाना लागतो; परवानगीचा ईमेलही जोडावा.

संशोधनासाठीच केलेल्या जादा तपासणीचा खर्च रुग्णावर टाकता येत नाही. प्रबंधांच्या अर्जात ही गोष्ट हमखास लपलेली सापडते. ‘खर्च: नाही’ असे लिहिलेले असते आणि आराखड्यात मात्र खासगी लॅबमधली तपासणी असते. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी द्यावी. रक्कम इतकी मोठी नको की माणूस पैशासाठीच हो म्हणेल.

बैठक, शंका आणि त्यानंतर

गणपूर्तीला किमान पाच सदस्य लागतात. तुमचे मार्गदर्शक कमिटीवर असतील तर त्या निर्णयापुरते त्यांनी बाहेर बसायचे असते. निर्णय चारपैकी एक येतो: मंजूर, किरकोळ दुरुस्तीनंतर मंजूर, बदलून पुन्हा सादर करा, नामंजूर. शंकापत्राचे उत्तर देताना प्रत्येक शंका, तिचे उत्तर आणि बदल केलेले पान असा तक्ता करावा. बदल दाखवणारी एक प्रत आणि स्वच्छ एक प्रत नव्या आवृत्ती क्रमांकासह द्यावी. ‘सूचनेप्रमाणे बदल केला’ एवढेच लिहिलेले उत्तर पुढच्या बैठकीला ढकलले जाते. मंजुरीपत्र आले की त्यात शीर्षक, आवृत्तीच्या तारखा आणि बैठकीची तारीख बरोबर आहे का, हे त्याच दिवशी पाहावे.

औषध, शस्त्रक्रिया, व्यायाम, समुपदेशन असा कोणताही हस्तक्षेप असेल तर पुढची पायरी सीटीआरआय (भारतातल्या क्लिनिकल चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही) नोंदणीची. ती मोफत आहे, अर्जात पदव्युत्तर प्रबंध असल्याची नोंद करता येते आणि कमिटीचे पत्र अपलोड करावे लागते. १ एप्रिल २०१८ पासून पहिला सहभागी घेण्याआधीच नोंदणी व्हावी लागते. नुसता अर्ज भरणे म्हणजे नोंदणी नव्हे. तिथूनही शंका येतात, म्हणून क्रमांक हाती येईपर्यंत भरती सुरू करू नये.

काम सुरू झाल्यावर नमुनासंख्या वाढवणे, नवी जागा जोडणे, प्रश्नावलीत प्रश्न घालणे यांपैकी काहीही करायचे तर आधी दुरुस्ती अर्ज. गंभीर अपायकारक घटना घडली तर कळल्यापासून २४ तासांत कमिटीला कळवावे आणि सविस्तर अहवाल १४ दिवसांत द्यावा. वर्षातून किमान एकदा प्रगती अहवाल, शेवटी समाप्ती अहवाल. सही केलेली संमतीपत्रे आणि इतर नोंदी अभ्यास संपल्यावर निदान तीन वर्षे, औषधांच्या नियामक चाचणीत पाच वर्षे, कुलूपबंद ठेवायच्या. सहभागींची नावे आणि त्यांना दिलेले संकेतांक जोडणारी यादी उत्तरांच्या फाइलपासून वेगळी ठेवावी.