दारात कुत्रा बांधला म्हणून कोंबड्या वाचत नाहीत

"कोंबड्या मोकळ्या सोडताय ना, मग दारात एक कुत्रा बांधा, झालं काम." पिरंगुटला राहायला आल्यापासून हे मला दहा जणांनी तरी सांगितलंय, आणि ते अर्धवट आहे. बांधलेला कुत्रा भुंकतो फक्त. आमची एक गावरान तलंग (तरुण कोंबडी) साखळीपासून चार हातांवर मुंगसाने नेली, मोत्या भुंकून भुंकून दमला आणि मागे पिसं तेवढी राहिली.

बरं, मोकळा सोडला तर? कोंबडी फडफडत पळाली की मागे धावणं कुत्र्याच्या अंगातच असतं, "रक्ताची चटक लागली" वगैरे नंतरची गोष्ट. परदेशात मरेम्मा, ग्रेट पिरेनीज असली राखणीची कुत्री ठेवतात, पण ती पिल्लू असल्यापासून जनावरांतच वाढवतात, तरी भरवशाची व्हायला दीड-दोन वर्षं जातात (आणि एवढी केसाळ कुत्री आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात आणू नका प्लीज).

जुन्नरकडे तर उलटाच प्रकार, तिथं बिबट्याला कुत्रा म्हणजे आयतं जेवण, अंगणात बांधून ठेवला तर आमंत्रणच.

कामाचं काय, तर रात्री खुराडं बंद. अर्धा इंची वेल्डमेश (तारा वेल्ड केलेली चौकोनी जाळी) लावा, साधी षटकोनी जाळी कुत्री फाडतात, आणि खाली फूटभर जमिनीत गाडा म्हणजे उकरून आत शिरता येत नाही. दिवसा घारीपासून वाचायला झाडं-झुडपं हवीत, पिल्लं पटकन खाली घुसतात. मोत्या आहे अजून, गेटवर असतो, भुंकला की मी बाहेर येते, एवढंच त्याचं काम.